भाताला ओलीचं यंत्र आहे

“मुलीच्या बेडरूममध्ये ओल येते का?”

डॉक्टरनं विचारलं. बायको माझ्या तोंडाकडं बघायला लागली, मी डॉक्टरच्या. बेडरूम म्हंजे काय ते आम्हाला कळतं. आम्हीही सिनेमे बघतो. पण आमच्या पोरीची बेडरूम कुठं सुरू होते आन कुठं संपते हे सांगायचं कसं? लोखंडी पेटी आणि उत्तरेकडची भिंत यांच्या मधली अडीच हात जागा. तिच्यात एक सतरंजी, सतरंजीवर म्हातारीच्या दोन लुगड्यांची गोधडी. पायथ्याला तांदळाचा डबा. डोक्यावर दोरी, दोरीवर सगळ्या घराची ओली कापडं. ही बेडरूम. हेच आमचं माजघर, हेच कोठीघर. देवघर नाही. देव पणज्यानं 1956 सालीच ओढ्याला सोडले. त्या जागी भिंतीवर बाबासाहेब आणि रमाई.

“येती,” बायको म्हणाली. “भित्ताड काळं पडलंय.”

“मग साफ ठेवत जा ना बाई. खिडकी उघडी ठेवा, ऊन येऊ द्या, कपडे घरात वाळवू नका. भिंतीला चांगला ऑइलपेंट मारून घ्या.”

आणि चिठ्ठीवर तोंडातून ओढायचा पंप लिहून दिला.

डॉक्टरवर माझा राग नाही. त्याच्या आधी तिघांनी पोरीची छाती तपासली, भिंतीचं कुणी विचारलं नव्हतं. यानं विचारलं, एवढं त्याचं देणं मी मान्य करतो. माझा राग आहे त्या “साफ ठेवत जा ना बाई”वर. हे वाक्य मी ओळखतो. माझ्या आजीला ते सावकारीण म्हणाली होती, आईला शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, आता बायकोला डॉक्टर म्हणाला. तीन पिढ्या झाल्या, वाक्याला एक सुरकुती पडलेली नाही. आम्ही घाण आहोत म्हणून आमचं घर ओलं आहे, आणि घर ओलं आहे म्हणून पोर खोकते, म्हणजे पोर खोकते ती आमच्या घाणीनं. झाला हिशेब. सरकार सुटलं, कंत्राटदार सुटला, गाव सुटलं. राहिली एक बाई, हातात पोतेरं घेऊन.

आणि सांगायला लाज वाटते, पण लिहायला बसलोय तर लिहितोच. एका रात्री मी पण तिला तेच बोललो. पोर दोन वाजता उठून बसली होती. तिला आडवं होता येत नाही. छातीत शिट्टी वाजते, मांजराचं पिल्लू कुठंतरी अडकल्यासारखी. मी रात्रपाळी करून आलेलो. डोकं फिरलं न ओरडलो, “दिवसभर घरात असतीस, एक भिंत पुसायला होत नाय तुला?” ती काही बोलली नाही. उठली, चिमणी वर करून भिंतीपाशी नेली. सोड्याच्या पाण्यानं परवाच घासलेली भिंत. ठिपके परत आले होते. आठवडासुद्धा गेला नव्हता.

त्या रात्रीपासून मी बायकोकडं बघणं सोडलं आणि भिंतीकडं बघायला लागलो.

आमचं आंबवडे भोर तालुक्यातलं. बाबासाहेबांचं मूळ गाव ते आंबडवे, कोकणात, मंडणगड तालुक्यातलं. नावं इतकी जवळची की बाहेर कुणी भेटलं की हात जोडून विचारतं, तुम्ही बाबासाहेबांच्या गावचे का? एकदोनदा मी हो म्हणून चहा प्यालोय. माफी असावी. आमच्या आंबवड्यात बघायला लोक येतात ते नागेश्वराचं देऊळ, संस्थानाच्या काळातला ओढ्यावरचा झुलता पूल आणि जिवा महालाची समाधी. पुलावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढतात, पूल हलला की पोरी किंचाळतात, मग भजी खाऊन पुण्याला जातात. समाधीपाशी ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ म्हणतात. म्हणावंच. जिवाच्या घराला ओल होती का, त्याची लेकरं कुठल्या भिंतीला पाठ लावून झोपत, हे मात्र एकाही बखरकारानं लिहिलेलं नाही.

आता भिंतीचं सांगतो. जून सरताना जोत्यापासून वीतभर वर ओली रेघ उमटते. जुलैत ती रेघ पोरीच्या कमरेला लागते. मग मिठासारखा पांढरा फुलोरा येतो, गिलावा भुसभुशीत होतो, बोट लावलं की झडतो. पांढऱ्याच्या वर काळे ठिपके धरतात. ठिपक्याला ठिपका मिळतो. पोळ्यापर्यंत कोपरा काळा, पेटीची मागची बाजू हिरवट, गोधडीला कुबट वास. तो वास शाळेत पोरीच्या फ्रॉकला येतो आणि शेजारची पोरगी सरकून बसते. सरकून बसायला आजकाल जात विचारावी लागत नाही, वास पुरतो. गेल्या श्रावणात बुरशी बाबासाहेबांच्या फोटोच्या काचेमागं शिरली. कोटाच्या खिशापासून सुरुवात झाली, आता टायपर्यंत आलीय. म्हातारी तो फोटो बदलू देत नाही. तिच्या बापानं नागपूरहून आणलेला आहे.

मी भातगिरणीत काम करतो. गिरणी कामगार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं परळ-लालबाग येतं. माझा आजा तिथला. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणूस बाहेर पडलं, त्यात आजा होता. संप कुणी रीतसर मागं घेतला नाही. गिरण्याच गेल्या आणि आजा पत्र्याची पेटी घेऊन गावी आला. हीच ती पेटी, जिच्या आड माझी पोर झोपते. आजा सांगायचा की खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवायचे. सूत कोरडं पडलं की तुटतं. म्हणून फवारे सोडायचे आणि खात्यात दमटपणा बघायचं काचेचं यंत्र टांगायचे. त्यातला पारा साहेब येऊन बघून जायचा. सूत सुखी आहे की नाही ते बघायला यंत्र होतं. आजा आयुष्यभर खोकला, त्याच्यासाठी नव्हतं.

नातू भाताच्या गिरणीत लागला. इथंही यंत्र आहे. शेतकरी इंद्रायणीचं भात घेऊन आला की मूठभर दाणे यंत्राच्या वाटीत टाकायचे, बटण दाबायचं, आकडा येतो. चौदा टक्क्यांच्या आसपास ओल असली तर भात भरडायला घ्यायचं. जास्त असलं तर सांगायचं, “मामा, दोन दिवस ऊन द्या.” सरकारी खरेदीतसुद्धा 17 टक्क्यांच्या वर ओल चालत नाही, भात माघारी जातं. कारण ओलं भात थप्पीला लावलं की आतून तापतं, पिवळं पडतं, बुरशी धरतं. म्हणून गोदामाचे नियम असतात, आणि ते मला तोंडपाठ आहेत, कारण चुकलो की मालक शिव्या देतो. पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, खाली लाकडी फळ्या पाहिजेत. पोतं भिंतीला टेकवायचं नाही, हातभर वाट सोडायची. भिंतीत वर झरोके पाहिजेत, म्हंजे वारा खेळतो. गोदामाचं जोतं रस्त्यापेक्षा उंच पाहिजे.

हे मी चार वर्षं करतोय. पन्नास किलोच्या पोत्याला भिंतीची ओल लागू नये म्हणून जीव टाकतोय. आणि घरी येऊन बारा किलोच्या पोरीला ओल्या भिंतीला टेकवून झोपवतोय. हे माझ्या डोक्यात यायला चार वर्षं लागली. च्यायला, माणूस किती आंधळा असतो.

दुसऱ्या दिवशी गिरणीतून मोडक्या फळ्या आणल्या. मालकाला विचारून आणल्या, चोरल्या नाहीत, कुणी तसं म्हणेल म्हणून सांगतो. चार विटांवर फळ्या टाकल्या, भिंतीपासून हातभर अंतर सोडलं. पेटी ओढून दुसरीकडं नेली. पोरीला पोत्यासारखं ठेवायचं ठरवलं.

म्हातारी म्हणाली, “आरं, पोर हाय का माल?”

मी म्हटलं, “आये, माल असती तर आजारी पडली नसती.”

आता साहेबांची गोष्ट. आमचं घर घरकुल आहे. रमाईच्या नावाच्या योजनेतलं, 269 चौरस फूट. कागदावर पक्कं घर. पक्क्या घराला ओल येते म्हणून मी अर्ज केला. कुठल्या कचेरीत, ते लिहीत नाही. सगळ्या कचेऱ्या चुलतभावंडं असतात. पाच खेपांनंतर एक साहेब आले. दारातूनच आत डोकं घातलं. चूल बघितली, दोरीवरची कापडं बघितली आणि निकाल दिला, “वाफेमुळं होतंय हे. तुम्ही लोक घरात स्वयंपाक करता, घरातच कपडे वाळवता. वेंटिलेशन ठेवा.”

‘तुम्ही लोक’. साहेब, घरात स्वयंपाक नाही करायचा तर काय तुमच्या कचेरीत करायचा? आषाढात कापडं घरात नाही वाळवायची तर रायरेश्वराच्या पठारावर टाकून यायची?

पण रागावून उपयोग नाही, हे मी शिकलोय. खरंच वाफेनं होतं का? होतही असेल. मला ठाऊक नव्हतं. मी शाळा दहावीला सोडली. बाकी जे काही शिकलो ते रद्दीतल्या पुस्तकांतनं आणि मोबाईलवर. वाचता वाचता एक साधी परीक्षा सापडली. प्लॅस्टिकचा स्वच्छ तुकडा घ्यायचा, हातभर लांब-रुंद. ओल्या भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट बसवायचा, वारा आत जाता कामा नये. दोन-तीन दिवस थांबायचं. पाणी प्लॅस्टिकच्या आपल्याकडच्या बाजूला धरलं तर ते घरातल्या वाफेचं. भिंतीकडच्या बाजूला धरलं तर ते भिंतीतनं येतंय. यात शिकण्यासारखं काय आहे? पाचवीचं पोर करील. पण साहेबांनी केलं नाही, कारण साहेबांना उत्तर आधीच माहीत होतं.

मी दोन तुकडे लावले. एक पोरीच्या भिंतीला खाली, एक चुलीच्या वरच्या भिंतीला. तिसऱ्या दिवशी बघितलं. चुलीच्या तुकड्यावर आपल्या बाजूनं दव होतं. म्हंजे साहेबांचं तिथं खरं होतं, ते मी कबूल करतो आणि चुलीच्या वरचे दोन पत्रे आता उचलून घेतलेत. पोरीच्या भिंतीवरचा तुकडा मात्र आतून ओलाचिंब. भिंतीकडनं थेंब जमून खालच्या पट्टीत पाणी साठलेलं. आपल्याकडची बाजू कोरडी. बायकोनं त्या कोरड्या बाजूवरनं बोट फिरवलं. परत फिरवलं. मग पाठ करून भाकरी थापायला बसली. माझ्याशी बोलली नाही, पण त्या दिवशी भाकरी करपली नाही.

पाणी जमिनीतनं चढतंय. वीट आणि सिमेंट हे कापडाच्या वातीसारखं असतं, खालचं पाणी वर ओढतं. ते अडवायला जोत्यावर, भिंत सुरू होण्याआधी, पाणी न शोषणारा थर टाकतात. गवंडी त्याला डीपीसी म्हणतात. पुण्यातल्या कुठल्याही बंगल्याचं काम बघायला जा, गवंडी तो थर टाकल्याशिवाय पुढची वीट लावत नाही. आमच्या भिंतीला तो नाही. जोतं एक वीत, तेही अंगणातल्या मातीनं बुजलेलं. भिंत चार इंची, मागनं पाऊस झोडपतो, वळचण पुढं आलेली नाही म्हणून पागोळ्यांचं पाणी नेमकं भिंतीच्या पायात. कसं झालं हे? घरकुलाचे हप्ते फोटोवर सुटतात. जोत्याचा फोटो, भिंतीचा फोटो, छपराचा फोटो. फोटोत जोतं दिसतं, जोत्यावर थर टाकला की नाही ते दिसत नाही. जे फोटोत दिसत नाही ते कोण कशाला बांधील? आणि पैसे तरी किती? पंतप्रधानांच्या नावाच्या योजनेत 2016 साली साध्या भागाला 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ भागाला 1 लाख 30 हजार ठरले. आमचं घर त्याच मापाच्या पैशात उभं राहिलं. एवढ्यात सिमेंट, लोखंड, गवंडी आणि घाटरस्त्यानं येणारा ट्रक. बापानं सगळ्यात आधी काय कापलं असेल? जे मातीत गाडलं जातं ते. माझ्या बापाला मी दोष देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की तुझ्या नातीचा श्वास त्या थरात आहे.

आणि ऑइलपेंट मारू नका. मारला तर पाणी भिंतीत कोंडतं आणि रंगाला फुगे येऊन पापुद्रे निघतात. आमच्या शेजाऱ्यानं मारला, दिवाळीचा बोनस घालवला. दुसऱ्या पावसाळ्यात फुगे. चुना बरा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या तिखटपणानं बुरशी लवकर धरत नाही. आमच्या आज्या दर वर्षी चुना लावायच्या, त्याला आपण मागास समजून बसलो. घासायचं असेल तर तोंडाला फडकं बांधा, भिंत आधी ओली करा, कोरडी खरवडू नका, बुकटी छातीत जाते. आणि पोराला तेव्हा घराबाहेर काढा. पण घासणं म्हंजे तण वरनं खुरपणं. बुरशीचं बी हवेत सगळीकडं असतं, मंत्र्याच्या बंगल्यातही. तिला रुजायला ओल लागते. ओल गेली की ती जाते, ओल राहिली की ती येते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2009 साली घरातल्या ओल-बुरशीवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात इतकी बुरशी चालेल असा आकडाच दिलेला नाही. ओलच होऊ देऊ नका म्हणतात, कारण ओल्या घरातल्या लेकरांना खोकला आणि दमा जास्त.

बुरशीवर माझं काही वैर नाही, हेही सांगून टाकतो. 1928 साली फ्लेमिंगला लंडनमध्ये बुरशीतनं पेनिसिलीन सापडलं. आपल्याच पुणे जिल्ह्यात पिंपरीला 1954 साली सरकारनं त्याचा कारखाना काढला, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. लाखो लेकरं त्या औषधानं वाचली. एका जिल्ह्यात बुरशी काचेच्या भांड्यात वाढवून लेकरं वाचवली आणि त्याच जिल्ह्यात भिंतीवर वाढवून लेकरांचे दम काढले. बुरशीला काय कळतंय? ठेवील तिथं वाढते.

मग मूळ प्रश्न. आमच्याच भिंतीत एवढं पाणी का?

गावाचा उतार बघा. आमच्याच नाही, देशावरच्या कुठल्याही जुन्या गावाचा बघा. पाटलाचा वाडा उंचवट्यावर. मग उतरत उतरत आळ्या. वस्ती सगळ्यात खाली, ओढ्याच्या नाहीतर नाल्याच्या अंगाला, जिथं गावाचं सांडपाणी येऊन थांबतं. ती जागा आम्ही निवडली नव्हती. महारकीची वतनं 1958 च्या कायद्यानं गेली, जागा तीच राहिली. घरकुल मंजूर होतं ते ‘स्वतःच्या जागेवर’. स्वतःची जागा म्हंजे आज्याला ढकललं होतं ती. माती झाडून तिथंच सिमेंट ओतलं की झालं पक्कं घर. ओल मात्र आज्याच्या वेळचीच.

भोरवरनं वरंधा घाट उतरलं की महाड. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या ओंजळीसाठी लोकांची डोकी फुटली. आम्ही पाण्याला शिवलो तर पाणी बाटत होतं. आज तेच पाणी रोज रात्री माझ्या पोरीला शिवतं. भिंतीतनं येतं, गोधडीतनं येतं, तिच्या छातीत जाऊन बसतं. तिथं कुणाला विटाळ होत नाही. हेच पाणी पुढं आमच्या ओढ्यानं नीरेला जातं, नीरेनं वीर धरणाला, तिथनं कालव्यांनी बारामती-फलटणच्या उसाला. तिकडं त्याचा थेंबन् थेंब मोजतात, पाळ्या लावतात, भांडणं करतात. आमच्या भिंतीत शिरतं तेवढंच पाणी बेहिशेबी.

आता कुणी म्हणेल, हे खेड्याचं रडगाणं आहे, गरीब देशात असं चालायचंच. तर त्यांच्यासाठी विलायतेची गोष्ट सांगतो. इंग्लंडात रॉचडेल म्हणून गाव आहे, जुनं सूतगिरण्यांचं गाव, म्हंजे आमच्या आज्याचा सोयरा. तिथं सुदानातनं आलेलं एक काळं कुटुंब भाड्याच्या सामाजिक घरात राहत होतं. बापानं 2017 साली सांगितलं, भिंतीला बुरशी आलीय. उत्तर मिळालं, रंग मारा. मारला. परत आली. परत सांगितलं. वर्षं गेली. घरं चालवणाऱ्या संस्थेनं धरून चालवलं की या लोकांच्या राहणीमुळं, अंघोळीच्या रीतीमुळं ओल होते. ‘तुम्ही लोक’! साहेब तिथंही होते, फक्त गोरे. डिसेंबर 2020 मध्ये त्यांचं लेकरू गेलं. अवाब इशाक त्याचं नाव. दुसरा वाढदिवस होऊन आठ दिवस झाले होते. नोव्हेंबर 2022 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनर बाईंनी निकाल दिला की घरातल्या बुरशीत बराच काळ राहिल्यानं त्याच्या श्वसनाचा आजार होऊन तो गेला. संस्थेनं राहणीबद्दल गृहीत धरलं ते चूक होतं, हे तिनं मग कबूल केलं. त्या लेकराच्या नावानं 2023 साली कायदा झाला आणि 27 ऑक्टोबर 2025 पासून लागू झाला. सामाजिक घरात धोकादायक ओल-बुरशीची तक्रार आली की कामाच्या दहा दिवसांत तपास करायचा, पुढच्या पाच दिवसांत घर सुरक्षित करायचं. जिवावरचं असेल तर चोवीस तासांत.

मी हे वाचलं तेव्हा पोर मांडीवर होती. तिचं वय सांगत नाही.

आमच्याकडं कायदा नाही, नाव आहे. योजनेला रमाईचं नाव आहे. रमाईची चार लेकरं गेली, शेवटचा राजरत्न 1926 साली. परळच्या बी.आय.टी. चाळीत तिनं संसार केला. त्या माऊलीचं नाव घरावर लावता आणि घर असं बांधता की लेकरू रात्री उठून बसतं! नाव लावायचं असेल तर भिंतीला थर टाका, नाहीतर नाव काढून घ्या. तिला तरी त्रास देऊ नका.

थोडं आपल्याकडं वळू, कारण साहेबांना शिव्या देणं सोपं असतं. आपले कवी, त्यात मीही आलो. आपल्या कवितेत सूर्य रोज उगवतो, ज्वालामुखी फुटतात, मशाली पेटतात. त्यातला एक किरण माझ्या उत्तरेच्या भिंतीवर पडेल तर शपथ. मी बुरशीवर चार ओळी लिहून एका मेळाव्यात वाचल्या, तर एक ज्येष्ठ म्हणाले, “हा घरगुती विषय झाला. बायकांच्या पानात पाठव.” वा रे विद्रोह! जे घरात आहे ते घरगुती, मग विषमता काय फक्त चौकात राहते? आणि बायकांचं पान म्हंजे काय, तिथं राहणारी माणसं नाहीत?

आपली वस्तीही तशीच. परवाच्या वर्षी आम्ही वर्गणी काढली, कमानीसाठी. मीही दिली, बळंच नाही, आनंदानं दिली. कमान पाहिजे. वरच्या आळीला दिसली पाहिजे. पण त्या कमानीचा चौथरा किती उंच केला माहीत आहे? दीड हात. पायात पाणी मुरू नये म्हणून गवंड्यानं जपून डीपीसी टाकली. मी उभा राहून बघितलं, हातात घमेलं होतं. तेव्हा मला काही सुचलं नाही. कमानीला दमा होत नाही हे मला नंतर सुचलं.

या मे महिन्यात आम्ही पाच घरं एकत्र आलो. मागच्या भिंतींच्या पाठीला दोन हात खोल चर खणला, तळाला दगडगोटे टाकले, उतार ओढ्याकडं काढला. अंगणातली माती जोत्याखाली आणली. वळचणीला पत्र्याची पन्हळ लावली, तिचं पाणी पिंपात. पोरीच्या भिंतीचा सडका गिलावा कमरेपर्यंत पाडून चुन्याचा केला. खर्च वाटून घेतला, हात आपले. यानं ओल निम्मी झाली असेल. थर नसलेल्या भिंतीत थर घालणं आमच्या हातचं नाही. त्याला भिंतीत भोकं पाडून औषध भरावं लागतं, नाहीतर थोडी थोडी भिंत कापून खालनं थर सारावा लागतो. ते ज्यानं घर ‘पक्कं’ म्हणून सही केली त्याचं काम आहे. अर्जात आम्ही तेच लिहिलंय. नवीन घरकुलाला जोतं दोन हात उंच आणि डीपीसीचा वेगळा फोटो असल्याशिवाय हप्ता सोडू नये. जुन्या घरांना दुरुस्तीचा पैसा द्यावा. तपासायला येणाऱ्यानं प्लॅस्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी बरोबर आणावी. त्याच्याकडं नसेल तर आम्ही देऊ.

अर्जाला उत्तर आलेलं नाही. पंप चालू आहे. पोर फळ्यांवर झोपते, रात्री एकदाच उठते.

वस्तीतल्या अकरा घरांत आम्ही भिंतींना प्लॅस्टिक चिकटवलंय. रविवारी सकाळी सगळ्यांदेखत काढणार आहोत. साहेबांना, डॉक्टरला आणि त्या ज्येष्ठ कवीलाही सांगावा धाडलाय. ज्याला बघायचंय त्यानं यावं. चपला बाहेर काढू नका, जमीन ओली आहे.